मल्हार, जर्मन शेफर्ड, १४ महिने: दिवसभर खातो आणि तरी बरगड्या मोजता येतात

कृष्णाकाठची | ३ जून, रात्री ११:४८

इथे बरीच वर्षं वाचते, पण धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबणार आहे.

आमचा मल्हार. नर, आज चौदा महिने पूर्ण झाले. पंचेचाळीस दिवसांचा होता तेव्हा आणला, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर आहेत, आईबाप दोघेही आम्ही डोळ्यांनी बघितले होते. मोठ्या हाडाचे, तजेलदार. सात महिन्यांपर्यंत सगळं ठीक होतं. तेव्हा दवाखान्यातल्या काट्यावर २३ किलो भरला होता. मग शी बिघडली. पाण्यासारखी नाही, शेणासारखी. पिवळट, मोठमोठाले पो, वर तेलकट चकाकी आणि आंबूस वास. दिवसातून सहा-सात वेळा, त्यातली एक हमखास रात्री अडीच-तीनला. आज वजन १९.४.

आतापर्यंत काय काय झालं ते सांगते. जंताचं औषध तीनदा. जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) असेल म्हणून मेट्रोनिडाझोल दोनदा. जानेवारीत प्लेटलेट कमी आल्या, गोचीड ताप म्हणून अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन. मग ॲलर्जीसाठीचं महागडं किबल (कोरडं खाद्य) दोन महिने. शिवाय चिकन-भात, दही-भात, नाचणीची आंबील, लाल भोपळा, इसबगोल, प्रोबायोटिक. दर नव्या औषधाला आठ-दहा दिवस बरं वाटतं. आम्ही देवाला साखर ठेवतो आणि अकराव्या दिवशी पुन्हा तेच.

भूक मात्र राक्षसासारखी. ताट खाली ठेवेपर्यंत दम नसतो. गेल्या आठवड्यात ओवीचं खोडरबर गिळलं, जिन्याखालच्या भिंतीचा गिलावा चाटून चाटून खड्डा पाडलाय, आणि लिहायला जड जातं पण लिहिते, स्वतःची शीसुद्धा खायला जातो. मी धावत जाऊन ओढून आणते तेव्हा माझ्याकडे असा बघतो की मला पुढे रागावता येत नाही. रात्री शेजारी झोपला की पोटातली गुडगुड मला माझ्या उशीवर ऐकू येते.

सासरे, आण्णा, आयुष्यभर म्हशी सांभाळलेला माणूस. ते रोज विचारतात, "ह्याला घालतीस तरी काय गं? हाडं वर आली की पोराची." गल्लीत एक बाई दुसरीला म्हणाल्या, हौसेनं कुत्रं आणायचं आणि उपाशी मारायचं. मी ऐकलं ते. तेव्हापासून त्याला पहाटे पाचला फिरवते, कुणी उठायच्या आत.

ब्रीडरला फोन केला. तो म्हणाला, "आणून द्या, पुढच्या वेतातलं दुसरं देतो." मी विचारलं, ह्याचं काय करणार? त्यावर तो बोलला नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एखादी तपासणी राहून गेलीय का? आणि ज्यांचं कुत्रं इतक्या लहान वयापासून सतत आजारी आहे, ते घर कसं चालवतात?

---

सदाफुली | ४ जून, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, पहिल्याला जाणकार देतील.

आमचा पग तीन वर्षांचा आहे. पिल्लू असताना घोरायचा, आम्ही सगळे कौतुकाने व्हिडिओ काढायचो. ते घोरणं म्हणजे त्याला श्वास पुरत नव्हता हे दीड वर्षाचा झाल्यावर कळलं, मे महिन्यात ठाण्याला गच्चीवर निळ्या जिभेने कोसळला तेव्हा. नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा लांबलेला भाग कापला. आता बरा आहे, पण मार्च ते जून त्याचं फिरणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री दहानंतर. अख्खं घर त्या वेळापत्रकावर चालतं.

मला एका वहीने तारलं. साधी दोनशे पानी. काय खाल्लं, किती, शी कशी, औषध कोणतं, वजन. आधी डॉक्टरांपुढे मी रडत बसायची, वही झाल्यापासून मी त्यांना सांगू शकते. वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जावं लागतं तेव्हा दरवेळी पहिल्यापासून सुरुवात होत नाही, हा मोठा फायदा.

आणि रात्रीची पाळी वाटून घ्या. एकटीने ओढू नका.

---

पेठेतला | ४ जून, सकाळी ९:३२

माझ्या लॅब्रेडोरला दोन वर्षं असंच होतं. गव्हाची पोळी बंद करून भात सुरू केला आणि थांबलं. लाल भोपळा वाढवा, चोथ्याने शी बांधली जाते. सारखी औषधं बदलू नका एवढंच सांगेन.

---

शिरवळ_९८ | ४ जून, दुपारी २:०५

मी पशुवैद्य आहे. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयातून शिकलो, प्रॅक्टिस सातारा जिल्ह्यात, जास्त करून गाईम्हशींची. कुत्रं न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून एका तपासणीचं नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही: टीएलआय, म्हणजे स्वादुपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी.

जर्मन शेफर्ड, वय दोनच्या आत, भूक प्रचंड, वजन उतरतंय, मोठे तेलकट पो, स्वतःची शी खाणं. हे सगळं एकत्र आलं की स्वादुपिंड पाचक रस बनवतंय की नाही ते आधी बघायचं. आजाराचं नाव एक्झोक्राइन पँक्रिआटिक इन्सफिशियन्सी, बोलताना ईपीआय. ह्या जातीत रस बनवणारा भाग तरुण वयातच झिजत जातो. शरीराच्याच पेशी त्याच्यावर उलटतात. इन्सुलिन बनवणारा भाग बहुतेक वेळा शाबूत राहतो, म्हणून साखर नॉर्मल येते आणि कुणाला शंका येत नाही. निसर्गाने स्वादुपिंडात इतकी शिल्लक ठेवलीय की ९० टक्क्यांहून अधिक भाग जाईपर्यंत बाहेर काहीही दिसत नाही. तुमचे सात महिने चांगले गेले ते त्यामुळे.

औषधाने दहा दिवस बरं का वाटतं, तेही सांगतो. न पचलेलं अन्न आतड्यात पडून राहतं, त्यावर जिवाणू माजतात. अँटिबायोटिक दिलं की ते कमी होतात, शी सुधारते. अन्न मात्र तसंच न पचलेलं येत राहतं, म्हणून पुन्हा पहिले पाढे. तुमच्या डॉक्टरांचं निदान चुकलं असं मी म्हणणार नाही. सांगली-साताऱ्याकडे गोचीड ताप इतका आहे की प्लेटलेट कमी दिसल्या की कुणीही आधी तिकडेच बघेल, आणि त्याला तो झालेलाही असू शकतो.

टीएलआयसाठी आठ ते बारा तास उपाशी ठेवून रक्त घ्यायचं, सीरम वेगळं करून थंड पाठवायचं. ही चाचणी कुत्र्यासाठी वेगळी असते, माणसांच्या लॅबमधली चालत नाही. ॲमायलेज, लायपेज किंवा सोनोग्राफीवर ह्या आजाराचा निकाल लागत नाही. २.५ किंवा त्याहून कमी आलं तर निदान पक्कं. ५.७ च्या वर नॉर्मल. मधलं आलं तर काही आठवड्यांनी परत करायचं. त्याच रक्तात बी-१२ आणि फोलेट करून घ्याच.

पेठेतला, राग मानू नका. तुमच्या लॅब्रेडोरला भोपळा लागू पडला असेल, पण हा आजार असेल तर चोथा उलटा त्रास देतो. आहे त्या तुटपुंज्या रसालाही तो काम करू देत नाही. रिपोर्ट येईपर्यंत भोपळा आणि इसबगोल दोन्ही थांबवा.

---

पेठेतला | ४ जून, दुपारी ३:२०

राग कसला डॉक्टर. माहीत नव्हतं. ताई, भोपळा बंद करा.

---

रानवाटा | ४ जून, रात्री ८:५१

वाईट वाटलं वाचून. पण कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. हे सगळं जातिवंताच्या हौसेचं फळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात जोड्या लावायच्या, पाठ उतरती हवी म्हणून मागचे पाय वाकडे करायचे, नाक चपटं हवं म्हणून श्वास बंद करायचा. आमच्याकडे लातूर जिल्ह्यात कारवानी कुत्री आहेत, मेंढपाळांबरोबर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर पळतात. शिवाय रस्त्यावर इतकी गावठी पिल्लं पडून आहेत. लोकांनी पैसे मोजून आजार विकत घेणं थांबवावं.

---

सदाफुली | ४ जून, रात्री ९:१०

रानवाटा, तुमचं म्हणणं मला पटतं आणि मी पुन्हा कधी पग घेणार नाही. पण हे तुम्ही वेगळ्या धाग्यावर लिहा ना. त्या बाईच्या घरात आत्ता एक जीव आहे, त्याचं बघू.

---

कृष्णाकाठची | ४ जून, रात्री ११:३०

नको, राहू द्या त्यांचा प्रतिसाद. खरं आहे ते. आम्ही पेपर बघितले, आईबापाचं रूप बघितलं, आणि त्यांच्या आधीच्या वेतांतल्या पिल्लांचं पुढे काय झालं हे एकदाही विचारलं नाही. ते विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. इथे नवीन कुत्रं घेणारा कुणी वाचत असेल तर त्याला कळू दे.

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. "दहा दिवस बरं का वाटतं" तिथे आम्ही दोघं थांबलो. सहा महिने आम्ही तेच एकमेकांना विचारत होतो. शनिवारी रक्त देतोय.

---

श्टुटगार्टहून | ५ जून, पहाटे २:४४

मी जर्मनीत असते, आमच्याकडे नऊ वर्षांची शेफर्ड मादी आहे. रानवाटा यांच्या मुद्द्यात थोडी भर घालते. इथे ह्या जातीची मूळ संस्था १८९९ साली स्थापन झाली, मुख्यालय आउग्सबुर्गला आहे. तिच्या नियमाने खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे पास झाल्याशिवाय कुत्र्याची प्रजननासाठी निवड होत नाही. तेही वयाचं वर्ष उलटल्यावरच काढतात. मल्हारच्या आईबापाचे असे एक्स-रे होते का, हे ब्रीडरला जरूर विचारा.

पण ईपीआयसाठी अशी चाळणी इथेही नाही. कोणती जनुकं हे ठरवतात ते अजून हाती लागलेलं नाही, म्हणून तशी चाचणीही नाही. फिनलंडमध्ये हा आजार असलेल्या नर-मादीची जोडी लावून बघितली होती. सहा पिल्लांपैकी दोघांनाच झाला. म्हणजे एका साध्या दोषाने आईबापाकडून सरळ पोटी येतो असं नाही. घराण्यात मात्र असतो. म्हणून ज्या जोडीच्या पिल्लाला झाला ती जोडी परत लावायची नाही, एवढंच हातात आहे, आणि त्यासाठी ब्रीडरला ते कळवावं लागतं. तो ऐकून घेवो न घेवो, लेखी कळवा.

---

काळी_माती | ५ जून, सकाळी १०:००

नागपूर. लॅब्रेडोर, खुबे दोन्ही बाद, वय दोन. फक्त एवढंच सांगायला आले की घरात चटया अंथरा, गुळगुळीत फरशीवर अशक्त कुत्रं घसरतं आणि सांध्यांची नवीन दुखणी लागतात. आम्ही जुन्या सतरंज्या रबराच्या जाळीवर शिवल्या. आणि शी साफ करताना फिनाइल नको, त्याने पंजे आणि जीभ भाजते. साबणाचं पाणी आणि मग व्हिनेगर. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही, पण रात्री कधीही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी जागीच असते.

---

कृष्णाकाठची | १९ जून, संध्याकाळी ६:२२

रिपोर्ट आला. टीएलआय १.१. बी-१२ इतकं कमी की आकड्याच्या जागी "पेक्षा कमी" अशी खूण होती.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी रडले, आणि ते आनंदाचं रडणं होतं हे त्यांना समजावून सांगता येईना. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ह्याच्या आजाराला नाव दिलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की हा बरा होत नाही. जन्मभर प्रत्येक खाण्यात एन्झाइम (पाचक रसाची पावडर) घालायचं. एखादं बिस्किटसुद्धा तसंच द्यायचं नाही. बी-१२ चं इंजेक्शन आठवड्यातून एक, सहा आठवडे.

मला वाटायचं बी-१२ म्हणजे शाकाहारी माणसांची कमतरता. डॉक्टर म्हणाले, ते आतड्यातून शोषायला जो पदार्थ लागतो तो माणसात जठर बनवतं, कुत्र्यात मुख्यतः स्वादुपिंडच. म्हणजे कारखानाच बंद, दोन्ही माल बंद.

पावडर मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. तोवर माणसांच्या कॅप्सूल फोडून सुरुवात केली. आणि आण्णांनी एक गोष्ट केली, ती लिहायलाच हवी. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं की कच्चं स्वादुपिंडही चालतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मिरजेला त्यांच्या ओळखीच्या खाटकाकडे गेले. त्याला नाव सांगून समजेना. काळीज नको, वझडी नको, फुफ्फुस नको, मग पाहिजे काय? शेवटी आण्णांनी स्वतः आतडं उलगडून बघितलं. जठराच्या पुढे, आतड्याच्या पहिल्या वळणाला चिकटलेली, फिकट गुलाबी, बारीक दाणेदार पट्टी. म्हशी फाडलेल्या बघितल्यात म्हणून ओळखता आली, म्हणाले. स्टीलच्या डब्यात बर्फ घालून घेऊन आले. डबा उघडला तर मूठभरही नाही. डॉक्टरांनी सांगितलेला हिशोब केला तर मल्हारच्या एका जेवणाला एका बोकडाचं पुरणार नाही, आणि जेवणं दिवसाला तीन. दोन दिवस चालवलं, मग पावडर आली. शिजवायचं नाही, शिजवलं की रस मरतो, पण फ्रीजरमध्ये टिकतं हे कळलं. अडीनडीला थोडं ठेवलंय.

आण्णा आता विचारत नाहीत काय घालतीस म्हणून. पावडर तेच मिसळतात.

---

शिरवळ_९८ | १९ जून, रात्री ९:४०

आण्णांना माझा नमस्कार सांगा. त्यांना सांगा, ही पट्टी ओळखायला आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी बराच वेळ लागायचा.

काही गोष्टी. माणसांच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांना आपल्या जठरातल्या आम्लासाठी आवरण असतं. कुत्र्यात आवरण नसलेल्या पावडरचा गुण जास्त येतो असा अनुभव आहे, तेव्हा आता पावडरवरच राहा. अन्न कोमट पाण्याने चांगलं ओलं करून पावडर नीट कालवा. कोरडी राहिली तर हिरड्या आणि जिभेला लागून व्रण पडतात, कधी रक्त येतं. असं दिसलं तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करून बघतात. मात्रा इथे विचारून ठरवू नका. आठवड्याला वजन करा. आणि मधे एखादा आठवडा पुन्हा बिघडेल, ते धरून चाला.

---

मोहोर | २० जून, सकाळी ८:०३

विम्याचं विचारायचं होतं. आमच्या बीगलच्या पॉलिसीत आनुवंशिक आणि आधीपासूनचे आजार वगळले आहेत असं क्लेम करताना कळलं. तुमचंही बघून घ्या ताई, विसंबून राहू नका.

आणि पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकणं हेच नियमात बसत नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि एका मादीचं वर्षात एकच वेत. सगळीकडे पंचेचाळीस दिवस हाच रिवाज आहे म्हणून कुणाला खटकत नाही. ब्रीडरला लिहाल तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा.

---

कृष्णाकाठची | २८ जून, सकाळी ६:१०

आज सकाळी, पावडर सुरू केल्याच्या बाराव्या दिवशी, नदीकडच्या रस्त्याला मल्हारने शी केली आणि ती बांधलेली होती. गडद तपकिरी, दोन तुकडे, कागदाने उचलता आली. मागे काही राहिलं नाही. मी तिथेच उभी राहिले. मल्हार पुढे ओढत होता, त्याला कौतुक कळेना. नवऱ्याला फोटो पाठवला, त्याने ऑफिसच्या गाडीतून फोन केला आणि दोघांनाही बोलता येईना.

दिवसाला तीन वेळा होते आता. पोटातली गुडगुड गेलीय. इतकी सवय झाली होती की रात्री ती ऐकू आली नाही म्हणून मी उठून त्याचा श्वास बघितला.

---

काळी_माती | २८ जून, सकाळी ६:३१

मीही रडतेय इकडे. खूप खूप प्रेम मल्हारला.

---

कृष्णाकाठची | १७ जुलै, रात्री १०:१५

चांगलं तेवढंच लिहायचं नाही असं ठरवलंय, कारण हा धागा शोधत कुणीतरी येईल आणि त्याला खरं कळायला हवं.

परवा लग्नाला कराडला गेलो, मल्हारही बरोबर. कुणीतरी प्रेमाने त्याला पंक्तीतली जिलबी घातली, एकच. चार दिवस पुन्हा पो. मी त्या मुलावर ओरडले, तो सात वर्षांचा आहे. नंतर त्याला जवळ घेऊन सांगितलं की ह्याच्या पोटातली पचवायची गिरणी बंद आहे, पीठ आपण बाहेरून घालतो. त्याला पटकन कळलं. मोठ्यांना कळत नाही. "एका तुकड्याने काय होतं" हे वाक्य मी ह्या महिन्यात किती वेळा ऐकलं असेल.

मधे आठवडाभर हिरड्यांतून रक्त येत होतं. पावडर थोडी कमी केली, अन्न जास्त ओलं केलं, थांबलं. एन्झाइम, इंजेक्शनं आणि खाणं मिळून महिन्याला सात हजारांच्या घरात जातं. ओवीच्या नृत्याच्या क्लासची फी ह्या महिन्यात थकली. हे लिहिताना अपराधी वाटतं आणि तरी लिहिते, कारण घर कसं चालवता असं मीच विचारलं होतं. असं चालतं. मोठी सहल नाही, नवा फोन नाही, रात्रीची पाळी एक दिवस माझी, एक दिवस नवऱ्याची. सदाफुली, तुमची वही तिसरी सुरू झाली.

एक डॉक्टर फेब्रुवारीत म्हणाले होते की वजन १८ च्या खाली गेलं तर कायमचं झोपवायचा विचार करा. मी तेव्हा घरी येऊन कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना त्याचे हाल दिसत होते. पण नुसत्या एका रक्ततपासणीआधी ते वाक्य आलं, हे अजून रात्री आठवतं. आज वजन २२.८.

---

श्टुटगार्टहून | १८ जुलै, पहाटे १:५०

ब्रीडरला लिहिलंत का?

---

कृष्णाकाठची | १८ जुलै, सकाळी ११:०५

लिहिलं. रिपोर्टची प्रत जोडली, नोंदणी क्रमांक विचारला, ही जोडी परत लावू नका अशी विनंती केली. उत्तर नाही. मग केसीआयच्या पेपरवरच्या वेताच्या नोंदीवरून आणि ओळखीतून शोध घेतला. सहा पिल्लं होती. चौघांचा पत्ता लागला. तीन ठणठणीत आहेत. चौथी, कोल्हापुरात आहे, बारीक आहे, भूक खूप, पण शी बरी. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी टीएलआय केली. ३.४ आली.

---

शिरवळ_९८ | १८ जुलै, दुपारी १:३०

मधला आकडा. झीज चालू असू शकते, पण पुढे आजार होईलच असं नाही, काही कुत्री वर्षानुवर्षं तिथेच थांबतात. दोन-तीन महिन्यांनी परत करायला सांगा आणि तोवर दर आठवड्याला वजन. पिल्लं काढू नका म्हणावं तिची. तुम्ही त्यांना शोधलंत हे फार मोठं काम केलंत.

---

रानवाटा | १८ जुलै, संध्याकाळी ७:४४

ताई, मी जे लिहिलं ते चूक नव्हतं, पण वेळ चुकीची होती. क्षमस्व. मल्हारचं वजन वाचून बरं वाटलं. माझ्या ओळखीत दोघं शेफर्डचं पिल्लू घ्यायच्या बेतात आहेत, त्यांना हा धागा पाठवलाय. आधीच्या वेतांतली पिल्लं बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणाले.

---

कृष्णाकाठची | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५५

बरेच दिवस आले नव्हते. वजन २७.६. शेफर्ड नराचं ३० ते ४० असायला हवं, तिथे कदाचित पोचेल, कदाचित नाही, डॉक्टर म्हणतात बांधा वाढायच्या काळात उपासमार झाली त्यामुळे थोडा लहानच राहील. पाठीवर काळे केस नव्याने आलेत, हात फिरवला की जाड लागतात. बी-१२ आता महिन्याला एक. पाच वाजता फिरवणं सोडलं, सातला नेतो, सगळ्यांदेखत. त्या बाईंनी विचारलं, हा तोच का? मी हो म्हणाले आणि थांबून त्यांना सगळं सांगितलं.

---

हरिपूर_रोड | १० ऑक्टोबर, रात्री ८:१७

नमस्कार. ह्या धाग्यासाठीच नोंदणी केली. आमची शेफर्ड मादी, ११ महिने, नाव राणी. शब्दन्‌शब्द तेच. शी, भूक, माती खाणं. १५ किलो. डॉक्टर उद्या टीएलआयसाठी रक्त घेऊ म्हणालेत पण नमुना पुण्याला थंड कसा पाठवायचा हे त्यांच्याकडे नक्की होत नाहीये. घरात सगळे खचलेत. तुम्ही सांगलीच्याच दिसता म्हणून विचारतो, कसं केलंत?

---

कृष्णाकाठची | १० ऑक्टोबर, रात्री ८:३१

दादा, आता नऊनंतर तिला काहीही खायला देऊ नका, लपवून ठेवलेलं बिस्किटसुद्धा नाही. पाणी चालेल. मागेल, दारात बसून ओरडेल, तरी नाही. सकाळी साडेआठला रक्त द्या आणि सीरम वेगळं करायला डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, त्याच रक्तात बी-१२ आणि फोलेटही. बर्फाचा डबा आणि जेलच्या पिशव्या माझ्याकडे आहेत, रात्री फ्रीजरमध्ये टाकते. कुरिअरवाला दहाला निघतो, त्याला मी ओळखते. दवाखाना कोणता ते व्यनि करा, मी आणि आण्णा डबा घेऊन तिथे येतो.